मोटरहोम घेऊन फेरीबोटीने: सोय झकास, भाडं चढं

सेवेला चार तारे, दरपत्रकाला दोनच. बोट स्वच्छ, कर्मचारी चटपटीत, सुटायची वेळ काटेकोर. खटकतो तो भाड्याचा हिशेब. दर गाडीच्या लांबीवर ठरतो, आणि लांबी म्हणजे कागदपत्रांवरची नव्हे. मागचा सायकल स्टँडही त्यात धरतात. आमचं मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, एरवी ६ मीटरच्या आत, पण स्टँडमुळे ती वरच्या टप्प्यात गेली आणि भाडं टुणकन उडालं. बुकिंग करताना कमी आकडा टाकू म्हणाल, तर धक्क्यावर माणूस टेप घेऊनच उभा असतो! उंचीतही छतावरचा एसी, डिश सगळं आलं.

रात्रीच्या फेरीत वाहनांचा डेक बंद. म्हणजे स्वतःचा पलंग खाली ठेवून वर केबिनचे पैसे मोजा. इटली-ग्रीस मार्गावर काही बोटींत उन्हाळ्यात उघड्या डेकवर गाडीतच झोपू देतात. इथे तसलं काही नाही. गॅस सिलिंडर बंद करायला लावतात, ते मात्र रास्तच.

सुट्ट्यांचा हंगाम टाळून आठवड्याच्या मधल्या वारी, आडवेळेची फेरी पाहा. दर बराच उतरतो. परतीला आम्ही तीच घेतली, सायकली आत कोंबून.