बेटाचा वाद : हेग, लवाद की आपसांत?

दोन देशांतल्या बेटाच्या वादावर कोल्हापुरात मूट कोर्टाचं (सराव-न्यायालयाचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, किंवा यूपीएससीचं उत्तर लिहिणारे बरेच जण ‘हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं’ असा सल्ला पहिल्याच ओळीत देऊन टाकतात. पण समोरचा देश तिथे येणार का, हे आधी तपासा. दोघांच्या संमतीशिवाय हेगमध्ये खटला उभाच राहत नाही. दक्षिण कोरियाच्या ताब्यातल्या दोक्दो बेटांचा (जपानी नाव ताकेशिमा) वाद तिथे नेऊ, असा प्रस्ताव जपानने 1954 मध्ये दिला. दक्षिण कोरियाने तो नाकारला, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही. भारतानेही या न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या 2019 च्या घोषणापत्रात राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद आणि आपल्या प्रदेशाचे वाद वगळले आहेत. त्यामुळे ‘कच्चातिवूसाठी (दोन्ही देशांदरम्यानचं छोटं बेट) श्रीलंकेने भारताला हेगला खेचावं’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

दोघे राजी असतील तर हेगचा मार्ग भक्कम आहे. न्यायालय फी घेत नाही. खर्च होतो तो वकील, नकाशे आणि जुनी दफ्तरं धुंडाळण्यावर. मलेशिया आणि सिंगापूर यांनी पेद्रा ब्रांका बेटासाठी 2003 मध्ये विशेष करार केला, निकाल 2008 मध्ये लागला. बेट मुळात जोहोरचंच (आज मलेशियाचं एक राज्य) होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही ते सिंगापूरला गेलं, कारण जोहोरच्या प्रभारी राज्यसचिवाने 1953 मध्ये ‘आमचा मालकीचा दावा नाही’ असं लिहून दिलं होतं आणि पुढे सिंगापूरचा कारभार चालू असताना मलेशिया गप्प राहिला. शेजारचे मिडल रॉक्स हे खडक मात्र मलेशियाला मिळाले. अपील नाही. नवा निर्णायक पुरावा सापडल्यास सहा महिन्यांत पुनर्विलोकन मागता येतं, तेही निकालापासून दहा वर्षांच्या आत.

पुराव्यात सर्वांत जास्त चुका होतात. करवीर तालुक्यातल्या बांधाच्या दाव्यात शेजाऱ्याची वहिवाटीची साक्ष मोलाची ठरते; बेटाच्या दाव्यात कोळ्यांची मासेमारी, ती कितीही जुनी असली तरी, स्वतःच्या बळावर मालकी देत नाही. सरकारने सरकार म्हणून काय केलं, ते दाखवावं लागतं. सिपादान-लिगितान बेटांच्या इंडोनेशिया-मलेशिया खटल्यात (2002) इंडोनेशियाचा कोळ्यांचा मुद्दा याच कारणाने पडला. मलेशियाला तारलं ते उत्तर बोर्निओच्या (आजचं मलेशियाचं सबाह राज्य) ब्रिटिश कारभाराने: कासवांच्या अंड्यांवरचा 1917 चा नियम आणि 1933 चं पक्षी अभयारण्य. इतक्या किरकोळ वाटणाऱ्या कागदांवर दोन बेटांचा निकाल लागला! आणि वाद उघड झाल्यानंतर, म्हणजे निर्णायक तारखेनंतर, केवळ दावा बळकट करायला उभारलेलं बांधकाम सहसा जमेस धरलं जात नाही.

लवादात पंच आणि प्रश्न दोन्ही तुम्ही ठरवता. पंचांचा खर्च मात्र पक्षांनीच उचलायचा. तांबड्या समुद्रातल्या हनीश बेटांवरून 1995 मध्ये इरिट्रिया-येमेनमध्ये चकमक झाली, 1996 मध्ये लवादाचा करार झाला. 1998 मध्ये बेटांची मालकी आणि 1999 मध्ये सागरी सीमा, असे दोन टप्प्यांत निवाडे झाले. प्रमुख बेटं येमेनला मिळाली, पण दोन्हीकडच्या कोळ्यांची पारंपरिक मासेमारी चालू ठेवायला लवादाने सांगितलं. कोळ्यांची उपजीविका हाच खरा प्रश्न असेल, तर आमच्या मते हा मार्ग हेगपेक्षा सरस आहे. एक सापळा लक्षात ठेवा: संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराखालचा सक्तीचा लवाद जमिनीची मालकी ठरवत नाही. 2016 च्या दक्षिण चीन समुद्राच्या (फिलिपिन्स विरुद्ध चीन) निवाड्यातही कोणतं बेट कुणाचं, हे ठरलेलं नाही.

आपसांतला करार स्वस्त असतो आणि लवकरही होऊ शकतो. कॅनडा-डेन्मार्कने 2022 मध्ये ग्रीनलंडजवळचं हान्स बेट वाटून घेतलं. धोका मसुद्यात असतो. कच्चातिवूच्या 1974 च्या करारात भारतीय कोळी आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे बेटावर जाण्याची मुभा आहे, पण भोवतालच्या पाण्यात मासे धरता येतील का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. त्यावरचं भांडण अजून चालू आहे. म्हणून वाटाघाटींचा पर्याय सुचवलात, तर जाळी टाकण्याचं क्षेत्र, हंगाम, बोटींचा प्रकार आणि पकडलेल्या कोळ्यांच्या सुटकेची मुदत ही चार कलमं मसुद्यात स्वतंत्रपणे लिहा.