कुत्रा दत्तक घेताना आलेला अनुभव, ५ पैकी साडेचार स्टार

बंड्याला घरी आणून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर रागानेच लिहिलं असतं बहुतेक.

ज्या संस्थेकडून हा कुत्रा घेतला तिथे पगारी माणूस एकही नाही, सगळे व्हॉलंटियर, आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. त्यामुळे फोन पटकन लागत नाही, मेसेजला दोन दोन दिवस उत्तर येत नाही, तेवढी तयारी ठेवा.

आम्हाला पिल्लू हवं होतं. फॉर्म भरला आणि मग फोनवर प्रश्नच प्रश्न, दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाला चालतंय का, तुम्ही बाहेरगावी गेलात तर कोण बघणार, उद्या बाळ झालं तर ह्याचं काय. मला तर वाटलं आपण चांगलं काम करायला निघालोय आणि हे आपलीच उलटतपासणी घेतायत. मग दोघीजणी घर बघायला आल्या, गेटखालची फट बघितली, गॅलरीच्या गजांतून कुत्र्याचं डोकं जाईल का ते बघितलं, आणि शेवटी सरळ नाही म्हणाल्या. तुम्ही दोघंही नऊ तास बाहेर, इवल्याशा पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागतं, शिवाय साधारण १६ आठवड्यांचं होऊन लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या आजाराची धास्ती, नाही जमणार तुम्हाला. त्यापेक्षा एक ७ वर्षांचा आहे, त्याला भेटून तर जा.

तो बंड्या. आधीच्या लोकांनी घर बदललं आणि ह्याला नेलं नाही, बस एवढंच कारण. दोन महिने एका फॉस्टर काकूंकडे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्या काकूंकडे होता आणि ह्या काकूंसाठीच खरं तर मी हे लिहितेय. त्यांनी त्याचं एकही खोडसाळ वागणं लपवलं नाही. जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो, ढग गडगडले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, टोपीवाल्या माणसांवर भुंकतो, सगळं दोन पानांवर लिहून दिलं, त्यावर काय करायचं तेही. पहिले ३ दिवस घाबरलेला असेल, ३ आठवड्यांत घराची सवय होईल, ३ महिन्यांनी खरा स्वभाव कळेल, असा त्यांचा ठोकताळा. तोवर पाहुणे नकोत, आंघोळ नको, आणि फिरायला नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हीला वेगळी दोरी लावा, कारण नवीन कुत्री पहिल्या काही दिवसांतच सुटून पळतात. तिसऱ्या रात्री तो सोफ्यामागून बाहेर येईना, काही खाईना, मी रडत रात्री अकराला काकूंना मेसेज केला तर लगेच फोन आला त्यांचा. वाटी सोफ्यामागे सरकवा आणि लाईट घालवून झोपा म्हणाल्या. सकाळी वाटी रिकामी!

नसबंदी, रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्होची लस, मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली) सगळं झालेलं होतं. अर्धा स्टार कापला तो चिपपायी. चिपवर नाव मात्र जुन्या मालकांचंच राहिलेलं, बदलून घ्यायला माझे तीन-चार फोन गेले. चिपमध्ये फक्त १५ आकडी नंबर असतो, तिच्याने कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, त्या नंबरापुढे नोंदीत तुमचा फोन नसेल तर हरवलेला कुत्रा तुमच्यापर्यंत येणार कसा? घरी आणायच्या आधीच हे बघून घ्या.

करारात एक अट आहे, कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परत त्यांच्याकडेच द्यायचा, परस्पर कुणाला नाही. मला ती फार आवडली. बंड्याला एकदा सोडून दिलंय, दुसऱ्यांदा निदान तो ओळखीच्या माणसांत जाईल.

गुरगुरणं आता बंद झालंय, टोपीवर अजून भुंकतो. काकूंकडे सध्या एक म्हातारी कुत्री आलीय, एका डोळ्याने दिसत नाही तिला, पण शांत आहे खूप. कुणाच्या घरी जागा असेल तर फॉर्म भरा, फक्त घराबाहेर किती तास असता ते खरं खरं लिहा.