ताण मोजणारं घड्याळ घ्यावं का?

कासारवडवलीहून घोडबंदर रोडने ठाणे स्टेशन गाठेपर्यंत डोकं तापलेलं असतं, हे कळायला घड्याळ लागत नाही. तरी मुलीच्या हट्टाने हे स्मार्टवॉच घेतलं. ते हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बघतं. शरीर निवांत असलं की हे अंतर सारखं कमी-जास्त होतं, ताणात एकसुरी होत जातं. त्यावरून शंभरपैकी आकडा. पण साहेबांची बोलणी कुठली आणि लागोपाठ दोन कटिंग कुठल्या, हे त्याला कळत नाही. दोन्हीला आकडा चढतो! अपुऱ्या झोपेनंतर सकाळी चढलेला दिसतो, ते मात्र पटतं.

खरं कामाचं आहे श्वासाचं फीचर. मिनिटाला साधारण 6 श्वास, मनगटावर हलकी थरथर. तलावपाळीच्या बाकावर बसून करते, खांदे सैल पडतात. (फुकटातही जमतं म्हणा.)

झोपच उडाली, रडू आवरेना, तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करावा. सरकारी, मोफत, चोवीस तास. तिथे घड्याळाचं काम नाही.

आकडे बघून ज्यांची धास्ती वाढते त्यांनी घेऊ नये. आमच्या ह्यांनी लगेच काढून ठेवलं. पट्टा घामाने चिकटतो. पाचपैकी तीन.