शा-रन सात महिने वापरल्यावर : ही आपली वेलची नाही

मी मूळची डोंबिवलीची, कपड्याच्या सोर्सिंगच्या कामामुळे चार वर्षं ग्वांगजौला राहतेय. मागच्या मार्चमध्ये माझं पोट बिघडलं ते बिघडलंच, चार घास खाल्ले की पोट टम्म, ढेकर अडकलेला, भूक मेलेली, सकाळी तोंडाला चव नाही. एंडोस्कोपी केली, हेलिकोबॅक्टर या पोटातल्या जंतूची श्वासाची टेस्ट केली, दोन्ही नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या सहा आठवडे घेतल्या, फरक जेमतेम. शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला जवळजवळ ओढतच चिनी औषधाच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून हे शा-रन, चिनी औषधातलं वेलचीसारखं सुकं फळ, आयुष्यात आलं. घरी फोनवर सांगितलं की सगळे म्हणतात, "म्हणजे वेलचीच ना, मग इथून पाठवू का?" म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी इथली हवा समजून घ्या. मार्च-एप्रिलला इथे 'ह्वेइ-नान-थियन' असतं, दक्षिणेकडून दमट गरम वारा येतो आणि भिंतींना पाणी सुटतं, फरशी कितीही पुसा ओलीच. इथले लोक म्हणतात की अंगातही तसाच ओलावा साठतो, त्याला 'शी-ची' म्हणतात, आणि हा शब्द भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. डॉक्टर बाईंनी दोन्ही मनगटांची नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली, जिभेवर पांढरा जाड चिकट थर, आणि म्हणाल्या प्लीहा अशक्त आहे, ओलावा अडकलाय. त्यांची प्लीहा म्हणजे सर्जन दाखवतो तो अवयव नाही, अन्न पचवून अंगी लावायची सगळी ताकद असा त्याचा अर्थ आहे. मी मनात 'अग्निमांद्य' असं म्हटलं आणि गोष्ट एकदम ओळखीची वाटली.

बाईंनी काढा दिला, त्याचं नाव श्यांग-शा-लिऊ-च्युन-ज-थांग. लिऊ-च्युन-ज म्हणजे सहा सज्जन, त्यात जिनसेंग किंवा त्याऐवजी स्वस्त तांग-शन, फू-लिंग नावाची बुरशी, ज्येष्ठमध, संत्र्याची जुनी साल वगैरे. शा म्हणजे शा-रन आणि श्यांग म्हणजे मु-श्यांग, हे मु-श्यांग आपलं आयुर्वेदातलं कुष्ठ, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं, परक्या पुडीत घरचं कोणीतरी भेटल्यासारखं.

शा-रनची छोटी पुडी मात्र वेगळी दिली, त्यावर लिहिलेलं 'हौ-श्या', म्हणजे नंतर टाका. बाकी सगळं अर्धा तास भिजवून मातीच्या भांड्यात मंद आचेवर उकळायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत शा-रन ठेचून टाकायचं, कारण त्याचं काम त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलावर चालतं. बासुंदीत वेलची पूड आपण गॅस बंद करतानाच घालतो ना, अगदी तेच. पहिले चार दिवस मी ऑफिसच्या घाईत सगळं एकदमच उकळलं, काढा नुसता कडू मातकट लागायचा, पाचव्या दिवशी नीट केलं तर स्वयंपाकघरभर कापूर आणि ओल्या पानांचा वास, आणि पिऊन वीसेक मिनिटांत अडकलेला ढेकर सुटला. तो दिवस मला अजून आठवतो.

आता ते वेलचीचं. आपली हिरवी वेलची शास्त्रीय नावाने एलेटारिया, सह्याद्रीत होते. शा-रन अमोमम व्हिलोसम, आल्या-हळदीच्याच कुळातलं पण झाड वेगळं, फळ तपकिरी, काटेरी, फुलं-फळं जमिनीलगत बुंध्यापाशी येतात. वेलचीसारखी गोड झुळूक यात नाही, कापरासारखा तिखट गार वास. शिवाय बाय-तौ-खौ हे पांढरं गोल फळ वेगळं, ते कंबोडिया-थायलंड-जावाकडचं. आणि त्साओ-क्वो म्हणजे मोठं धुरकट फळ, आपल्या मसाला वेलचीचं जवळचं नातेवाईक. आणखी गंमत म्हणजे रौ-तौ-खौ म्हणजे चक्क जायफळ, तेव्हा 'तौ-खौ' एवढंच म्हणून दुकानात मागू नका.

सगळ्यात नावाजलेलं शा-रन यांगचुनचं, याच ग्वांगदोंग प्रांतातलं. तिथे फळ नीट धरावं म्हणून माणसं हाताने एकेक फुलाचं परागीभवन करतात, त्यामुळे ते महाग. 1960 च्या दशकात लागवड युन्नानच्या शीश्वांगबान्नात नेली, आता बाजारात मुख्यतः तिथलाच माल असतो आणि तोही चांगला आहे. चिनी औषधसंहितेत यांगचुनच्या जातीला किमान 3 टक्के तेल लागतं, हायनानच्या जातीला 1 टक्का, म्हणजे भावातला फरक उगाच नाही. मी एकदा एका दुकानातून तयार पूड स्वस्त मिळाली म्हणून अर्धा किलो घेतली, घरी येऊन डबा उघडला तर वासच नाही, लाकडाचा भुसा जणू, सगळी टाकून द्यावी लागली आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून छिंगपिंगच्या औषधबाजारात जाऊन अख्खं फळ घेते, एक तिथेच फोडून दाताखाली धरते, आतले दाणे चिकटून गोळा झालेले हवेत आणि जिभेला झणझणीत गार लागलं पाहिजे.

परिणाम म्हणाल तर पहिल्या दोन आठवड्यांत फुगणं निम्म्यावर आलं, महिन्याभराने भूक लागायला लागली, खरी भूक, अकरा वाजता पोटात कावळे ओरडणारी. सहा आठवड्यांनी बाईंनी काढा बंद करून त्याच नावाच्या गोळ्या दिल्या, त्या तीन महिने, आता औषध काहीच नाही. सगळं श्रेय शा-रनला देता येणार नाही, त्याच काळात मी रात्रीचं जेवण साडेसातला आणलं आणि बर्फाची कॉफी सोडली, बाईंची तशी सक्त ताकीदच होती.

त्रासही झाला. जुलैमध्ये मी स्वतःच्या मनाने डोस वाढवला (काढ्यात 3 ते 6 ग्रॅम असतं, मी 10 केलं) तर तोंड कोरडं, छातीत जळजळ, झोप उडाली. बाईंनी जीभ बघूनच ओळखलं आणि चांगलं सुनावलं, हे उष्ण आणि सुकवणारं औषध आहे, अंगात आधीच कोरडेपणा-उष्णता असलेल्याने घेऊच नये. गरोदरपणातल्या मळमळीवर इथे शा-रन देतात हे खरं, पण ते नाडी बघून, ऐकीव माहितीवर कृपया कोणी घेऊ नका. आणि एक फार महत्त्वाचं, मु-श्यांग आणि छिंग-मु-श्यांग ही नावं सारखी वाटतात पण दुसरं ॲरिस्टोलोकिया नावाच्या वेगळ्याच वनस्पतीचं आहे, त्याने किडनी खराब होते, चीनने 2004 मध्ये त्याला औषधातून काढलं. त्यामुळे पुडी अनोळखी ठिकाणाहून ऑनलाइन मागवू नका. वजन कमी होत असेल, शौचातून रक्त जात असेल तर आधी एंडोस्कोपी, मग हे सगळं.

आता शा-रन माझ्याकडे फक्त स्वयंपाकात आहे. यांगचुनकडे करतात तशी डुकराच्या बरगड्यांना ठेचलेलं शा-रन, आलं आणि थोडं मीठ चोळून वाफवते, नवरा मासे खाणारा म्हणून त्याच्यासाठी गोड्या पाण्यातल्या माशाच्या पोटात भरून. पुढच्या मार्चला भिंती परत ओल्या होतील तेव्हा आधी जीभ दाखवायला जाणार, तोवर बरणीत पन्नासेक ग्रॅम फळं आहेत, झाकण घट्ट लावून.