डासांच्या सर्वेला आला आणि घरकुलाचे ३८,५०० घेऊन गेला

कोल्हापुरात नदीकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. आमच्याकडून ३८,५०० रुपये उकळले आहेत आणि तो माणूस अजून मोकळा फिरतोय.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की आमच्या गल्लीत सामान माळ्यावर चढतं. २०१९ आणि २०२१ चे पूर अंगावर काढलेली घरं आहेत ही. भिंतींची ओल उन्हाळ्यातसुद्धा जात नाही, सासूबाईंचा दमा त्या ओलीनंच वाढला. पक्क्या घराचं नाव काढणाऱ्याला अशा घरात कोण हाकलून देईल?

पहिल्यांदा तो आला डेंग्यूच्या सर्वेला. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. बॅरलमध्ये बॅटरी मारून अळ्या बघितल्या, घरात कुणाला ताप आहे का विचारलं, दारावर खडूनं तारीख टाकली. खरे आरोग्य कर्मचारी करतात तेच सगळं. जाता जाता भिंतीकडे बघून म्हणाला, "वैनी, ह्या ओलीत म्हातारीला ठेवू नका. आवास योजनेत नाव घालूया."

पुढच्या खेपेला फॉर्म घेऊन आला. मी अडाणी नाही, बचत गटाचा हिशोब माझ्याकडे असतो. मी उलटतपासणी घेतली. स्वतःच्या जागेवर घर बांधायला दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, हे सगळं त्यानं बिनचूक सांगितलं. निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, परवानगी कशी मिळणार, हेही मी विचारलं. म्हणाला, "पूररेषेतली घरं आधी घ्यायची हाईत, पुनर्वसनात." आता यावर कोण काय बोलणार?

फॉर्मचे २,५०० आणि नकाशाचे १२,००० त्यानं क्यूआर कोडवर घेतले. स्कॅन केल्यावर मोबाईलवर एका बाईचं नाव आलं. कार्यालयाचं नाही, योजनेचं नाही, बाईचं. मी विचारलंसुद्धा, "दादा, हे कुणाचं नाव?" तो माझ्या आधारच्या झेरॉक्सला स्टेपलर मारत होता. मान वर न करता म्हणाला, "आमच्या मॅडमचं. हापिसच्या खात्याचं केवायसी चालू हाय." तिथंच थांबायला हवं होतं. अंगठा पिनवर होता, नाव डोळ्यांसमोर होतं. ते नाव आजही झोपू देत नाही. पण शेजारच्या चार घरांनी त्याच कोडवर पैसे भरले होते, सासूबाई आत खोकत होत्या आणि यादी संध्याकाळी बंद होणार होती. नंतर 'लाभार्थी हिस्सा' म्हणून २४,००० रोख गेले, भिशीचे.

यादीत नाव घालायला कुणालाही पैसे द्यायचे नसतात. अनुदान बांधकामाच्या टप्प्याटप्प्यानं, फोटो तपासून, थेट आपल्या खात्यात येतं.

ज्या कार्यालयात विचारायला गेले तिथं म्हणाले, असा माणूस आमच्याकडे नाही, पोलिसात जा. ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन गेलेले पैसे सायबरचे, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, रोखीचं आमच्याकडे येत नाही आणि ऑनलाइनचं सांगायला उशीर झाला. रोखीसाठी परत ठाण्यात गेले तर "हा दिवाणी मामला, वकील बघा". एका साहेबांनी तर मलाच विचारलं, "ताई, तुम्ही दिलेच कशाला?" अहो, आमच्या दारात तोतया कर्मचारी वही घेऊन फिरतो, हे बघायचं काम कुणाचं? पूर ओसरला की पावडर मारायला माणसं येतात, पंचनाम्याला येतात. त्यांच्यातला खरा कोण हे आम्ही कशावरून ओळखायचं? प्रभागाच्या फलकावर सर्वेक्षकांची नावं आणि फोटो लावायला किती खर्च येतो?

आता गल्लीत आशाताईंनासुद्धा कुणी दार उघडत नाही. बॅरल तपासायचे राहिलेत आणि दोन पोरं तापानं पडलीत. ह्याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

पैसे गेल्या गेल्या १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. डासांच्या सर्वेला आधार लागत नाही, झेरॉक्स देऊ नका. रोख तर अजिबात नको. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३(४) आहे. आम्ही पाच घरं तसा एकत्र अर्ज करतोय. तुमच्याकडेही हाच खडूवाला येऊन गेला असेल तर लाजू नका, पेमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन या.