ठाण्यातल्या पाचपाखाडीचं ऑक्सिजन मशीनचं दुकान: बाळासाठी भाड्याने घेणार असाल तर

आमची नात 27व्या आठवड्यात जन्मली. एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) सोडताना डिस्चार्ज कार्डवर ‘सिव्हिअर बीपीडी’ (म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसांचा आजार, तोही तीव्र) आणि त्याखाली ‘ऑक्सिजन पाव लिटर’ (दर मिनिटाला) असं लिहिलं होतं. लेक-जावई बाळापाशी, म्हणून मशीन शोधायचं काम माझ्याकडे आलं.

आधी गेले त्या विक्रेत्याने ‘सिव्हिअर’ वाचून थेट 10 लिटरचं मशीन सांगितलं, भाडं जवळपास दुप्पट. पाचपाखाडीच्या दुकानातल्या मुलाने कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, “काकू, आज फ्लो किती चालू आहे, म्हणजे मिनिटाला किती ऑक्सिजन?” पाव लिटर म्हटल्यावर म्हणाला, 5 लिटरचं मशीन भरपूर झालं. फक्त त्याच्या मीटरवर अर्ध्या लिटरच्या खाली नीट लावता येत नाही, म्हणून त्याने लहान बाळांचा लो-फ्लो मीटर वेगळा जोडून दिला. हा मीटर मागून घ्याच.

त्या प्रश्नाचं मोल डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं. 2001 च्या व्याख्येत 28 दिवस ऑक्सिजन लागला की बीपीडी, आणि गर्भारपणापासून मोजून 36 आठवडे भरले की सौम्य, मध्यम, तीव्र ठरवायचं: 30 टक्के किंवा जास्त ऑक्सिजन नाहीतर दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा आधार लागत असेल तर तीव्र. 2019 ची पद्धत 36 आठवड्यांना कोणता आधार चालू आहे एवढंच बघते. नाकातल्या नळीतून 2 लिटरपर्यंत असेल तर श्रेणी 1, त्याहून जास्त किंवा सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारं मशीन) असेल तर 2, घशात नळी घालून व्हेंटिलेटर असेल तर 3. आमची पोर तेव्हा सीपॅपवर होती. एका मापाने तीव्र, दुसऱ्याने श्रेणी 2. पुढे किती जपावं लागेल, पुन्हा ॲडमिट व्हायची भीती किती, याचा अंदाज श्रेणीवरून येतो. पण मशीन आजच्या फ्लोवर घ्यायचं असतं. हे कोणीतरी डिस्चार्जच्या दिवशीच सांगायला हवं, कारण एनआयसीयूचं बिल भरून आईबाप आधीच रिते झालेले असतात.

मशीन 350 वॅटचं, चोवीस तास चाललं की रोजचे सुमारे 8 युनिट. दुकानदाराने हे आधीच सांगितलं, भाडं-अनामत पावतीवर वेगवेगळं लिहिलं. आमच्या मेडिक्लेममध्ये घरचा ऑक्सिजन बसला नाही, सगळं खिशातून.

बसवायला आलेल्या दादांनी मशीन भिंतीपासून लांब ठेवलं, फिल्टर धुवून दाखवला. मग देवघराकडे बघून म्हणाले, “आजी, नंदादीप या खोलीत नको, आणि न्हाऊ घातल्यावर धुरीसुद्धा नको.” ओवा-वावडिंगाच्या धुरीवर माझी तिन्ही मुलं वाढली, पण या फुप्फुसांना धूर चालणार नाही हे पटलं. त्या दिवसापासून बंद.

तक्रार एकच, पण गंभीर. वीज गेली तर लागणारा सिलिंडर मशीनसोबतच यायला हवा होता. तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून रात्री मानपाड्याला आमच्या घरी पोहोचला, आणि पावसाळ्याचे दिवस. सिलिंडर घरात आल्याशिवाय बाळाला हॉस्पिटलमधून आणू नका.

आता दिवसाचा ऑक्सिजन डॉक्टरांनी काढलाय, फक्त झोपेत लावतो. 5 पैकी 4 तारे. अनामत पूर्ण परत मिळाली की इथेच लिहीन.