जुन्या फोर बाय फोरचा न विझणारा एबीएस दिवा: स्कॅनरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या आमच्या कातळावरच्या बागेत जाण्यासाठी आणि हंगामात फोंडा घाटातून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेण्यासाठी माझ्याकडे २००८ सालची डिझेलवरची फोर बाय फोर गाडी आहे. ती एक लाख नव्वद हजार किलोमीटर चालली आहे, तिचे इंजिन अजून खणखणीत आहे आणि ती विकण्याचा माझा विचार नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये तिच्या डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. तो विझवताना दोन महिने आणि बरेच पैसे गेले, म्हणून सप्टेंबरमध्ये मी एबीएसने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा, हातात मावणारा स्कॅनर साडेसहा हजार रुपयांना घेतला. या आठ महिन्यांत त्याने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी लक्षणे सांगतो, कारण अर्धे निदान त्यांतच होते. चावी फिरवली की दिवा तीन-चार सेकंद लागून विझत असे, म्हणजे यंत्रणेची स्वतःची तपासणी सुरळीत होत होती. गाडी थोडी पुढे जाऊन वेग वीसच्या आसपास गेला की दिवा पुन्हा लागे आणि मग इंजिन बंद करेपर्यंत विझत नसे. काही वेळा मात्र दिवा लागायच्या आधीच, कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी थांबवताना, अगदी शेवटच्या टप्प्यात ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरे, पुढून कुरकुर ऐकू येई आणि गाडी अपेक्षेपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबे. ही थरथर मला दिव्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटत होती, कारण आमच्या घराकडे येणारा उतार थेट तिठ्यावर उतरतो.

गावातल्या फिटरने गाडी पाहून लगेच सांगितले, "सेन्सर गेलो हा, बदलूक व्हयो." त्याप्रमाणे पुढच्या उजव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. तीन हजार आठशे रुपये गेले आणि दिवा चार दिवस विझला. पाचव्या दिवशी तो पुन्हा लागल्यावर दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजमध्ये एबीएस चालवणारे पूर्ण युनिटच बदलायला सांगितले. जुन्या बाजारातून आणले तरी त्याचा खर्च चाळीस हजारांच्या पुढे जात होता. तिसऱ्या ठिकाणी दिव्याचा बल्बच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला कोणीही मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून एबीएसचा दिवा काही सेकंद लागतो का, हे अवश्य पाहावे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी हाच उपाय करून ठेवलेला असण्याची शक्यता असते.

स्कॅनर घेताना एक चूक होण्यासारखी आहे. नऊशे-हजार रुपयांना मिळणारे, मोबाइलला जोडायचे छोटे उपकरण माझ्याकडे आधीपासून होते. ते स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसते, पण बहुधा फक्त इंजिनाशी बोलते, त्यामुळे एबीएसचा दिवा समोर लागलेला असताना ते 'एकही दोष नाही' असे सांगत राही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड 'पी' या अक्षराने सुरू होतात, तर ब्रेक, स्टिअरिंग अशा चेसिसशी संबंधित गोष्टींचे कोड 'सी' या अक्षराने सुरू होतात. आपल्या गाडीच्या मॉडेलचे 'सी' कोड वाचता येतात का आणि चारही चाकांचे वेग चालत्या गाडीत पडद्यावर दिसतात का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

याचे कारण असे की कोड फक्त पत्ता सांगतो. माझ्या स्कॅनरने पहिल्याच दिवशी पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा कोड दाखवला, म्हणजे गावातल्या फिटरचा अंदाज दिशेने बरोबरच होता. परंतु त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, त्याची वायर असते, वायर जोडणारा कपलर असतो, सेन्सरसमोर फिरणारी दातेरी रिंग असते आणि रिंग व सेन्सर यांच्यामधली फटही असते. यांपैकी नेमके काय बिघडले, हे कोडवरून कळत नाही. म्हणून एका सकाळी रिकाम्या रस्त्यावर पत्नीने गाडी चालवली आणि मी शेजारी बसून पडद्यावरचे चार आकडे पाहत राहिलो. तीस किलोमीटरच्या वेगाला चारही चाके तीस-एकतीस दाखवत होती. वेग हळूहळू कमी करायला सांगितल्यावर बाकीची तीन चाके तेरा, बारा, अकरा अशी उतरत असताना पुढचे उजवे चाक बारावरून एकदम शून्यावर गेले. पेडल थरथरले ते त्याच क्षणी.

येथे सगळे कोडे सुटले. जुन्या गाड्यांतल्या या सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. दातेरी रिंग त्याच्यासमोरून फिरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, चाक जोरात फिरले की ती वाढते आणि हळू फिरले की कमी होते. फट जरा जास्त झाली, तर जास्त वेगाला संदेश नीट मिळतो, पण कमी वेगाला तो इतका क्षीण होतो की युनिटला चाक थांबल्यासारखेच वाटते. तीन चाके फिरत आहेत आणि एक थांबले आहे, याचा अर्थ युनिट 'चाक जाम झाले' असा घेते आणि त्या चाकाचा ब्रेक सैल करते. गाडी हातभर पुढे जात होती ती त्यामुळे.

मग गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, मल्टीमीटरने मोजमाप केले. दोन्ही पुढच्या सेन्सरचा रोध जवळपास सारखा, चौदाशे ओहमच्या आसपास आला, म्हणजे नवा सेन्सर चांगलाच होता. मात्र चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवल्यावर डाव्या बाजूला २६० मिलिव्होल्ट एसी मिळाले, तर उजवीकडे जेमतेम ७०. नव्या पद्धतीच्या, विजेचा पुरवठा लागणाऱ्या सेन्सरवर रोध मोजण्याची ही तपासणी करू नये. तेथे स्कॅनरवरचे आकडेच पाहावेत.

सेन्सरचा एकुलता एक बोल्ट काढून तो बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या टोकाला लोखंडाची काळी भुकटी चिकटून ब्रशच्या केसांसारखी उभी राहिली होती. पॅड आणि डिस्क यांच्या झिजेतून येणारे हे कण चुंबकाकडे ओढले जातात. खरा दोष मात्र त्याच्या खाली होता. सेन्सर ज्या सपाट जागेवर बसतो, तेथे गंजाचे पापुद्रे एकावर एक चढले होते, जुन्या पत्र्याच्या छपरावर चढतात तसे, आणि त्यांनी सेन्सरला नखाच्या जाडीइतके वर उचलले होते. नवा सेन्सर त्याच गंजावर आवळला गेल्यामुळे चार दिवसांपुरताच फरक पडला होता. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत केली, भोकाची आतली बाजू पुसली, ग्रीसचा अगदी पातळ थर लावला आणि सेन्सर परत बसवला. फिलर गेजने मोजलेली फट दीड मिलिमीटरवरून पाऊण मिलिमीटरवर आली. पुन्हा फेरी मारली तेव्हा उजवे चाक बाकीच्यांबरोबर पाचपर्यंत उतरले आणि मगच शून्य झाले.

खाऱ्या हवेचा हा त्रास आपल्याच किनाऱ्यापुरता नाही. अमेरिकेत ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथल्या १९९९ ते २००२ सालांतल्या लाखो पिकअप आणि एसयूव्ही गाड्या जनरल मोटर्सने २००५ मध्ये नेमक्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. सेन्सरखाली गंज धरायचा आणि कमी वेगाला ब्रेक दाबल्यावर एबीएस विनाकारण चालू व्हायचे.

नोव्हेंबरमध्ये दिवा पुन्हा लागला, पण या वेळी फक्त बागेच्या खडबडीत वाटेवर, गाडी फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, असताना. फोर बाय फोर गाड्यांच्या एबीएसमध्ये बहुधा एक जास्तीचा भाग असतो. चारही चाके एकमेकांना जोडलेली असताना निसरड्यावर ती एकदमच मंदावू शकतात, आणि मग फक्त चाकांच्या वेगावरून गाडी खरोखर किती मंदावली, हे युनिटला कळत नाही. म्हणून गाडीच्या मधोमध एक जी-सेन्सर बसवलेला असतो आणि तो गाडीचा खरा वेगबदल मोजतो. माझा पहिला संशय त्याच्यावर होता. सपाट अंगणात त्याचा आकडा शून्याच्या अगदी जवळ होता आणि घराकडच्या उतारावर गाडी उभी केल्यावर तो ०.०८ झाला. बारा फुटांना एक फूट उतार असेल, तर तो तेवढाच यायला हवा, म्हणून त्याला निर्दोष ठरवले. कोड मागच्या डाव्या चाकाचा होता. अ‍ॅक्सलवरून चेसिसकडे जाणाऱ्या वायरचे बाहेरचे आवरण धड होते, पण मल्टीमीटर लावून ती बोटाने वाकवली की रोध एकदम अनंत होई. आतली तार तुटलेली होती आणि खड्ड्यात अ‍ॅक्सल खाली गेला की तिची टोके वेगळी होत होती. हा दोष स्कॅनरने नव्हे, बोटांनी सापडला. तुटका तुकडा काढून नवा जोडला, सोल्डरचा डाग दिला, वर पाणी शिरू न देणारी नळी बसवली आणि हालचालीसाठी थोडी ढील ठेवली. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

स्कॅनरच्या उणिवाही सांगायला हव्यात. उन्हात त्याचा पडदा जवळजवळ दिसत नाही. माझ्या गाडीशी जोडणी व्हायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि एकाच वेळी दहा-बारा गोष्टी पाहायच्या ठरवल्या तर आकडे इतके सावकाश बदलतात की क्षणभराचा खंड निसटून जातो, म्हणून चार चाकांचे वेग तेवढेच निवडावे लागतात. एबीएस पंपातली हवा काढण्याची सोय यादीत दिसते, पण माझ्या मॉडेलवर ती चालत नाही, त्यामुळे मार्चमध्ये ब्रेक ऑइल बदलताना ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे लागले. कोड पुसल्यावर दिवा लगेच विझतोच असे नाही. माझ्या गाडीत वीसच्या पुढे थोडे अंतर चालवल्यावरच तो विझतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या वेळी मी केलेले काम फुकट गेले, असे मला वाटले होते. तरीही हेच उपकरण मी पुन्हा घेईन, आणि दोन महिने आधी घेईन.

एक गोष्ट सुरक्षिततेसाठी स्पष्ट करतो. फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला असेल, तर साधे ब्रेक चालू राहतात, मात्र जोरात ब्रेक मारल्यास चाके जाम होऊ शकतात. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घेऊन आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि कारण कळल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये.

नोव्हेंबरपासून आजपर्यंत दिवा लागलेला नाही. या हंगामात पेट्या पोहोचवून परत येताना फोंडा घाट चौदा वेळा उतरलो आणि पेडल एकदाही थरथरले नाही. पेट्यांची शेवटची खेप परवा गेली. मृग लागायच्या आत चारही सेन्सर काढून त्यांच्या बैठका साफ करायच्या आहेत, त्यांपैकी पुढचे दोन काल झाले. डाव्या बैठकीवरही पापुद्रा धरायला सुरुवात झाली होती, तरी स्कॅनरवर त्या चाकाचा आकडा अजून बरोबर येत होता.